मैदानाकडे पाठ

आमच्या सरांनी अखेरच्या कितीतरी वर्षांत एकही मॅच पाहिली नाही, आणि तरी ते आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचे कोच होते. 'आमच्या कॉलेजच्या' असं मी म्हणतो खरं, पण त्या कॉलेजच्या गेटातून मी कधी आत गेलो नाही. माझी शाळा नववीतच सुटली. माझं कॉलेज म्हणजे जालन्यातल्या त्या मैदानाच्या कडेची कमरेएवढी दगडी भिंत आणि तिच्यावर बसणारे आम्ही लोक. हमाल, रिक्षावाले, मोंढ्यातले धान्याचे दुकानदार, रिटायर मास्तर. सगळ्या मैदानात आम्हाला भिंतच म्हणायचे.

मॅच सुरू झाली की सर भिंतीसमोर चार हातांवर येऊन उभे राहायचे. मैदानाकडे पाठ, तोंड आमच्याकडे. हात मागं बांधलेले, डोक्याला उन्हाची पांढरी टोपी, पँटचा खिसा मोसंब्यांनी फुगलेला. मागं पोरं पळून राह्यलीत, धूळ उडून राह्यली, रेफ्री शिट्ट्या मारून राह्यला, आणि हा माणूस आमची तोंडं वाचत उभा. मधेच मान न वळवता ओरडायचे, "डावा बॅक, मागं ये!" आणि डावा बॅक खरंच नको तिथं गेलेला असायचा.

नवीन कुणी विचारलं, तर सर म्हणायचे, "पोरं खोटं बोलतेत. दमले तरी म्हणतेत दमलो न्हाई. भिंत खोटं बोलत न्हाई."

ह्या सवयीची गोष्ट मला सलीमभाईनं सांगितली. सलीमभाई जुन्या जालन्यातला रिक्षावाला, भिंतीवरचा सगळ्यात जुना माणूस. म्हणे सर तरुण होते तेव्हा मॅचमध्ये इतकं ओरडायचे, की पोरं गडबडून आपल्याच गोलाकडे पळायची. एकदा रेफ्रीनं हात जोडले, सर, तुम्ही तरी गप बसा. सरांना राग आला. मंग पाहतच न्हाई म्हणून त्यांनी मैदानाकडे पाठ केली, आणि तेवढ्यात आपल्या टीमनं गोल केला. समोर भिंत नाचताना पाहून सरांना तो कळला. त्या दिवसापासून पाठ ती पाठच.

सर कुणालाच नावानं हाक मारत नव्हते. गावानं मारायचे. टीममध्ये अंबड होता, बदनापूर होता, परतूर होता. शहरातल्यांची पंचाईत व्हायची, त्यांना गल्लीवर भागवावं लागे. सलीमभाई म्हणजे 'जुना'. भिंतीच्या उजव्या टोकाला गादीसारखं पोतं टाकून बसणारे डाळमिलवाले शेठ म्हणजे 'मोंढा'. शेठ कॉलेजच्या संस्थेत मेंबर होते, सगळे त्यांना उठून नमस्कार करायचे. सर त्यांनाही 'ए मोंढा' म्हणायचे आणि शेठ 'हां सर' म्हणायचे.

मी 'राजूर'. मैदानामागं गेट-ग्रिलचं वेल्डिंगचं दुकान होतं, तिथं मी कामाला लागलो तेव्हा एका संध्याकाळी आवाज ऐकून भिंतीवर चढलो. सर समोर उभे होते. माझ्याकडेच पाहून राह्यले. मला वाटलं, आता ओळखपत्र मागणार. मी हळूच खाली उतरलो.

"कुठला?"

"राजूरचा."

"गणपतीच्या राजूरचा?"

"हां."

"मंग उतरला कशाला? बस."

एवढंच. त्या शहरात हा मला हाकलून देईल असं प्रत्येक माणसाकडे पाहून वाटायचं, घरमालकापासून खानावळवाल्यापर्यंत. त्या चार हातांच्या जागेत तसं कधी वाटलं नाही. कुणीतरी रोज संध्याकाळी माझ्या गावाचं नाव मोठ्यानं घ्यायचं, मी 'हां सर' म्हणायचो, आणि मला वाटायचं की गाव आहे अजून, मीही आहे.

हाफटाइमला सर खिशातली मोसंबी सोलायचे. सुरी नाही, अंगठ्याच्या नखानं. प्रत्येक पोराला एक फोड. फोड तोंडात आहे तोवर कुणी कुणाला बोलायचं नाही, हा कायदा. टीम हरत असली तर दोन-दोन फोडी मिळायच्या, म्हणजे गप्प राहायचा वेळ वाढायचा. फोड आंबट निघाली तर सर म्हणायचे, चूक माझी, मी निवडलं. उरलेल्या फोडी भिंतीला. शेठला मोसंब्यांची काय कमी, पण ती फोड घ्यायला तेही पोत्यावरून उठून यायचे.

शेठबद्दल सरांची एकच तक्रार होती, ह्याच्या तोंडावर काही दिसत न्हाई. मोंढ्यात भाव बोलताना तोंड कोरं ठेवायची सवय. गोल झाला तरी शेठ कोरे, खाल्ला तरी कोरे. सर म्हणायचे, "मोंढा, तू भिंतीला पडलेलं भोक हाय." सलीमभाईचं उलट. बॉल आपल्या पोराच्या पायाला लागायच्या आत ह्याच्या भुवया वर. गोल झाला की गळ्यातला रुमाल काढून आभाळात फेकायचा. सर सगळ्यात जास्त त्याच्याकडेच पाहायचे.

एकदा आपली टीम चांगली दोन गोलांनी पुढं होती. भिंत खुशीत. मीही टाळ्या वाजवून राह्यलो होतो. सर माझ्यासमोर येऊन थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, "राजूर, तुझी मॅच इथं न्हाई आज. कुठं हाय?"

मी कुणालाच सांगितलं नव्हतं. दुपारी गावाहून फोन आल्ता, आई चक्कर येऊन पडली, भोकरदनच्या दवाखान्यात नेलं. मालक सुट्टी देणार नाही म्हणून मी विचारलंच नव्हतं. सरांना सांगितलं. सरांनी चालू मॅच सोडली. स्कूटरवर मला मागं बसवलं, आधी दुकानात जाऊन मालकाला म्हणाले, हा जाऊन राह्यला, आणि मला एसटी स्टँडवर सोडलं. गाडी हलताना खिडकीतून दोन मोसंबी आत टाकली. आई वाचली. मी परत आलो तेव्हा सरांनी काही विचारलं नाही, नुसतं तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "बराबर."

मॅचचं काय झालं ते मला नंतर कळलं. आपण हरलो होतो.

सरांच्या डोळ्यांचं पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं, ह्यावर भिंतीवर वाद होता. मी म्हणायचो माझ्या. ठिणगीनं डोळे जातात, म्हणून वेल्डिंगवाल्याला दुसऱ्याचे डोळे पाहायची सवय असते. सर उजेडाकडे मान तिरपी करून पाहायला लागले होते, मोसंबीची साल चाचपून सोलायला लागले होते. पण सगळ्यांना कळलं ते लाइनमनच्या दिवशी. सर त्या दिवशी कशाला तरी मैदानाकडे वळले होते, आणि झेंडी घेऊन कडेला उभ्या असलेल्या लाइनमनला ओरडले, "ए अंबड, उभा काय राह्यला, पळ की!" लाइनमन बिचारा नवीन होता. पळाला. भिंत पोट धरून हसली. सरही हसले. मग एकेकाचं हसू थांबत गेलं, कारण अंबड तेव्हा सरांच्या बाजूलाच बेंचवर बसला होता.

त्यानंतर कुणी ठरवलं नाही, कुणी बोललं नाही, पण भिंत बदलली. बॉल उजवीकडे गेला की आम्ही सगळे गरजेपेक्षा जास्त उजवीकडे झुकायला लागलो. संकट आलं की तोंडं वासायची, टळलं की खांदे पाडून श्वास सोडायचा. रिटायर मास्तर तर पोरांना धडा शिकवावा तसं तोंड करायचे. सरांना पाठ फिरवायची सवय आधीची. त्या सवयीची गरज कधी झाली ते त्यांनाही कळलं नसेल. आणि आम्ही मॅच पाहायला यायचो ते आता मॅच दाखवायला यायला लागलो. घरी जाताना गाल दुखायचे.

पण गालांनी किती खेळणार. टीम हरायला लागली. एक वर्ष, दुसरं वर्ष. दुसऱ्या टीमा नवीन तऱ्हेनं खेळायच्या, बॉल इकडून तिकडे इतका जल्दी फिरवायच्या की आमची तोंडं तेवढ्या वेगानं फिरत नव्हती. आणि पोरांचंही खरं होतं. बदनापूर म्हणजे सोनं होतं. बाप दुसऱ्याच्या शेतात सालदार, पोरगं विद्यापीठाच्या टीममध्ये गेलं तर खेळाच्या कोट्यातून पोलिसात लागेल अशी घरच्यांची आशा. हरणाऱ्या टीममधलं पोरगं कोण निवडणार?

हे शेठनंच एकदा भिंतीवर काढलं. सर घरी गेल्यावर. म्हणाले, पुण्याहून एक कोच यायला तयार आहे, शिकलेला आहे, संस्थेत विषय झालाय.

सलीमभाई उठून उभा राहिला. "देखो शेठ, तुमी संस्थावाले. तुमचं चालतं. पन सरला काढलं तर ह्या भिंतीवर कोन बसनार हाय?"

"भिंतीवर बसायला टीम हाय का सलीम?" शेठ म्हणाले. "बदनापूरच्या बापाला जाऊन सांग, तुझ्या पोराचं वय चाललं, पण आमाला सर लय आवडतेत."

सलीमभाई खाली बसला. त्या दिवसांत भिंतीचे दोन भाग पडले. डावीकडे सर राहू द्या म्हणणारे, उजवीकडे बदला म्हणणारे, आणि खरं सांगायचं तर दोन्हीकडच्यांना समोरच्याचं पटत होतं. मी मधे बसायचो. रात्री झोपताना सरांच्या बाजूनं असायचो, बदनापूरला प्रॅक्टिस करताना पाहिलं की शेठच्या.

प्रिन्सिपलनी सरांना बोलावून चांगल्या शब्दांत सांगितलं. परभणीच्या कॉलेजशी घरच्या मैदानावर मॅच होती, तेवढी तुम्हीच घ्या, म्हणाले. सर बाहेर आले आणि कुणालातरी म्हणाले, बरं झालं, गुडघे दुखतेत. डोळ्यांचं नाव नाही.

त्या मॅचला भिंत फुटेल एवढी गर्दी. वर्षानुवर्षं न आलेले लोक आले. दूर गेटाजवळ नवीन कोच उभा होता, पांढरे बूट, हात बांधलेले. त्याच्या शेजारी शेठ. पोतं त्या दिवशी रिकामं होतं. परभणीवाल्यांनी समोरच्या लिंबाखाली ताशा आणला होता आणि तो काही झालं तरी वाजतच होता, त्यामुळे आवाजावरून कशाचाच पत्ता लागत नव्हता.

सर नेहमीसारखे उभे. आम्ही नेहमीसारखे झुकून राह्यलो, वाकून राह्यलो. पोरं जीव तोडून खेळली. मॅच संपत आली तरी गोल कुणाचाच नाही. आणि तेव्हा बदनापूरनं मधूनच बॉल काढला, दोघांना चकवलं आणि गोल केला.

आता नाचायचं. पण बदनापूर आपल्या पोरांकडे पळालाच नाही. तो सरळ भिंतीकडे पळत आला, सरांच्या मागं येऊन थांबला, दोन पावलांवर, आणि त्यांच्या पाठीला हात जोडून उभा राहिला. रेफ्रीची शिट्टी झाली तसा परत पळाला. सरांना मागं कुणी आल्तं हे कळलंच नाही.

आम्हाला दिसलं. सलीमभाईचा हात रुमालाला गेला, पण रुमाल आभाळात गेला नाही. त्यानं तो तोंडावर धरला. मास्तरांची मान खाली. त्या टोकापासून ह्या टोकापर्यंत सगळी भिंत रडून राह्यली होती, बदला म्हणणारेसुद्धा, तेच जास्त.

सरांनी आमच्याकडे पाहिलं, डावीकडून उजवीकडे. तोंड कठीण झालं.

"रडता कशाला? आजून वेळ हाय," ते आम्हाला म्हणाले, आणि मैदानाकडे न वळता ओरडले, "सगळे वर जा! बॅक बी वर! एक बी मागं थांबू नका!"

आम्ही एक गोल खाल्ला असं त्यांना वाटलं होतं.

कॅप्टन जागेवर थांबला. गेटाजवळचा नवीन कोच दोन पावलं पुढं आला, तोंड उघडलं, आणि शेठनी त्याचं मनगट धरलेलं मी पाहिलं. नवीन कोच थांबला. सांगायचं ते आमच्यापैकी कुणीही सांगू शकला असता. सर, गोल आपला झाला, एवढंच. पण ते म्हणणं म्हणजे पाहुण्या टीमसमोर, त्या नवीन माणसासमोर, तुम्हाला दिसत नाही असं म्हणणं होतं. मी म्हणायला गेलो तर सलीमभाईनं माझा गुडघा दाबला. पोरांनी सरांचं कधी मोडलं नव्हतं. सगळी वर गेली. मागं मोकळं रान. परभणीनं एक गोल केला, मग दुसरा. आमची तोंडं आधीच रडकी होती, ती काय बदलणार? सरांना काहीच नवीन दिसलं नाही.

शिट्टी झाली. ताशा वाजत होताच. सर माझ्यापुढं आले.

"राजूर, बरोबरी झाली का न्हाई?"

मला खोटं बोलता आलं असतं. "न्हाई सर," मी म्हणालो. "दोन-एक. हरलो."

"एक आपला कधी झाला?"

"पहिला आपलाच झाल्ता सर. बदनापूरनं केला."

सरांनी पुन्हा एकदा सगळ्या भिंतीवरून नजर नेली.

"मंग रडून कशाला राह्यलते रे?"

सरांनी खिशातून मोसंबी काढली, चाचपून सोलली आणि आम्हाला दोन-दोन फोडी वाटल्या, हरलेल्यांना देतात तशा. गेटाजवळून शेठ आले, त्यांनीही हात पुढं केला. सर म्हणाले, "आंबट हाय. चूक माझी." माझी फोड गोड होती. सलीमभाईनं त्यांना रिक्षातून घरी सोडलं.

नवीन कोच वाईट नव्हता. हे सांगायला पाहिजे, कारण आम्ही त्याला वाईट ठरवायचा लय प्रयत्न केला. पोरं जिंकायला लागली. बदनापूर विद्यापीठाच्या टीममध्ये गेला. पण नवीन कोच मैदानाकडे पाहायचा, भिंतीला त्याची पाठ. आम्ही झुकलो काय, वाकलो काय, काही फरक पडत नव्हता. काही दिवसांनी लोक मोबाइल काढून बसायला लागले. मग कमी झाले.

मीही निघालो. आंध्रात समुद्राच्या कडेला जहाजांच्या कारखान्यात वेल्डिंगचं काम आहे. पगार बरा. भाषा येत नाही, भात खाऊन पोट भरल्यासारखं वाटत नाही, आणि सुपरवायझर मोठ्यानं बोलला की मला अजून वाटतं, आता काढतो. इथं कुणालाच राजूर माहीत नाही. घरी विचारलं की मी म्हणतो, एकदम मजेत.

गेल्या रविवारी सलीमभाईचा व्हिडिओ कॉल आला. मॅच लागली होती. म्हणाला, कोण बसलंय पाहा. फोन फिरवला तर भिंतीवर शेठच्या पोत्यावर सर, डोळ्यांना काळा चष्मा. शेजारी शेठ. शेठनंच म्हणे गाडीत घालून नेलं आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आणलं, दोन्ही डोळ्यांचं. सर कितीतरी वर्षांनी मैदानाकडे तोंड करून बसले होते.

मी विचारलं, सर, दिसतंय का आता?

"सगळं दिसून राह्यलं," ते म्हणाले. "पण समजून काही राह्यलं न्हाई."

भिंत हसली, ते ऐकू आलं. मग सरांनी फोन हातात घेतला. फोनच्या काचेवर ऊन येत होतं म्हणून भिंतीवरून उतरले, चष्मा काढला आणि मैदानाकडे पाठ करून उभे राहिले. त्यांच्या खांद्यावरून मला मैदान दिसायला लागलं. धूळ, लिंबाचं झाड, पळणारी पोरं. मी तोंड बरं ठेवलं. हसून राह्यलो होतो.

"राजूर," सर म्हणाले.

"हां सर."

"तुझं बराबर न्हाई तिकडं."

मी हसू तसंच ठेवायचा प्रयत्न केला, तो जमला नाही.

"किती गोल खाल्ले?"

"चालू हाय सर. आजून संपली न्हाई."

"मंग हाफटाइमला गप बसून फोड खात जा," ते म्हणाले. "कुणाचं ऐकायचं न्हाई तेवढा वेळ."

तेवढ्यात त्यांच्या मागं एक पोरगं बॉल घेऊन सुटलं. बॅक आडवा आला, पोरगं वाकलं, निघालं. गोली पुढं धावला. सरांना काही दिसत नव्हतं, ते माझ्याकडे पाहत होते. बॉल जाळीत गेला. मी कारखान्याच्या खोलीत खाटेवर उभा राहिलो. गाल दुखेपर्यंत तोंड उघडलं, भुवया जातील तेवढ्या वर नेल्या. डोळ्यांतलं पाणी पुसून टाकलं, पुन्हा घोटाळा नको म्हणून.

सर फोन जवळ नेऊन नीट पाहत होते.

"आपला," ते म्हणाले.